रूपरावांच्या घरचं मीठ

रूपराव चहा बशीत ओतून पीत आणि बशी दोन्ही हातांनी धरत. माणूस समोर आला की आधी 'बसा' म्हणत, नाव मागून विचारत. ऊन असो नसो, छत्री घेत. लांबून भोंगा ऐकून मोटार कोणती आणि ड्रायव्हर कोण ते सांगत. अंदाज चुकला तर गाडी दिसेपर्यंत विषय बदललेला असे. भांडणाच्या जागी पोचले की सगळ्यांच्या आधी खाली बसत, म्हणजे भांडणाऱ्यांनाही बसावं लागे. लग्नात वाढप्याच्या हातातली बादली काढून घेत. आणि कोणाचं काही मोडलं, फुटलं, चिरडलं असं कळलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे.

"जेवले का?"

रूपराव सेलूच्या मोटारस्टँडवर कंपनीचे कारकून होते. वर्धा-नागपूर रस्त्यावरच्या या स्टँडवर तिकिटं फाडणं, टपावरच्या सामानाची पावती करणं, ड्रायव्हर-कंडक्टरांची हजेरी घेणं हे त्यांचं काम. खुर्चीच्या मागे भिंतीवर त्यांनी कंपनीचे नियम काचेच्या चौकटीत लावले होते. मोटारीने कोणाच्या मालाचं नुकसान झालं तर ड्रायव्हरने चोवीस तासांच्या आत जवळच्या ठाण्यात कळवावं. पंचनामा होईपर्यंत मोडका माल जागचा हलवू नये. दसऱ्याला मोटारींच्या नाकाला झेंडूच्या माळा बांधून झाल्या की उरलेली माळ रूपराव त्या चौकटीला घालत. हळदीकुंकूही लावत. देवाला जसा माणूस हात जोडतो आणि मग देवाला विचारून काही करत नाही, तसंच त्यांचं त्या नियमांशी होतं.

सेलूच्या रस्त्यावर अपघात होत. जनावरं आडवी येत, गाड्या दबत, कुंपणं पडत. पण ठाण्यात एकही कळवला गेला नव्हता. नागपूरच्या कचेरीत याचं फार कौतुक होतं. तिथल्या मॅनेजरांना वाटे की सेलूकडचे ड्रायव्हर फार सांभाळून चालवतात. ड्रायव्हर कसे चालवत ते सेलूतल्या कोंबड्यांना माहीत होतं.

रूपरावांची रीत साधी होती. धडक झाली की ते छत्री उघडून निघत. नुकसान झालेला माणूस रस्त्यात उभा राहून आईमाई काढत असे. रूपराव त्याच्याजवळ जाऊन खाली बसत. "जेवले का?" शिव्या देणाऱ्याला या प्रश्नाचं उत्तर सुचत नाही. मग ते त्याचा हात धरून त्याला घरी नेत. पाय धुवायला पाणी, टेकायला लोड, समोर पाट. मनकर्णाबाई, म्हणजे त्यांची बायको, ताट वाढत. आग्रह होई. जेवण झालं की सुपारी, सुपारी झाली की 'थोडं पडा'. उन्हं उतरली की चहा. एवढ्यात स्टँडवरचे हमाल रस्ता झाडून मोकळा करत. पाहुणा परत येई तेव्हा रस्त्यावर दाखवायला काही नसे. दुसऱ्या दिवशी त्याला पुन्हा राग येई. पण ज्याच्या घरचं मीठ खाल्लं त्याच्यावर कागद करायचा कसा? आपल्याकडे खुनाची गोष्ट माणूस सांगून टाकतो, पण जेवून आलेल्या घराची चाड ठेवतो. रूपरावांना कायद्याचा तेवढाच भाग नीट कळला होता, जो कायद्यात लिहिलेला नाही.

मनकर्णाबाईंना अपघात तारखेने आठवत नसत, स्वयंपाकाने आठवत. शेळी गेली तेव्हा पाटवड्या. कुंपण पडलं तेव्हा वांग्याचं भरीत. अण्णाजी बागवानाच्या संत्र्यांच्या टोपल्या चाकाखाली गेल्या तेव्हा वरण-पानगे, आणि ते अण्णाजींनी दोनदा मागून घेतले होते. हेच अण्णाजी दुसऱ्या दिवशी ठाण्यात जाऊन उभे राहिले. जमादाराने विचारलं, "काल दिवसभर कुठं होते?"

"रूपरावजीकडे जेवत होतो."

"मंग नुकसान कोणाचं झालं? तुमचं का त्याइचं?"

ठाणं हसलं. अण्णाजीही हसले आणि घरी गेले. पुढे कित्येक दिवस ते हीच गोष्ट स्वतः सांगत आणि रूपरावांच्या घरच्या तुपाची तारीफ करत.

गावातली कॉलेजात शिकून आलेली पोरं रूपरावांना फार मानत. त्यांच्या पंगतीला बसूनच ती मोठी झाली होती. असा मोठ्या मनाचा माणूस जिल्ह्यात नाही, असं ती म्हणत. रूपराव ते ऐकून घेत आणि म्हणत, "घर मोठं नाई बाप्पा, दार उघडं आहे एवढंच." हे वाक्य त्यांना आवडत असे. आणखी भाजी वाढताना ते पुन्हा म्हणत.

सत्तावन्न सालच्या वैशाखात नागपूरहून निरोप आला. वर्ध्याचं मोठं स्टँड रूपरावांकडे द्यायचं मॅनेजर साहेबांच्या मनात आहे. साहेब पौर्णिमा झाल्यावर येतील, सेलूचा कारभार बघतील आणि हुकूम देतील. रूपरावांनी चौकटीची काच पुसून घेतली. वर्ध्याला घर कोणत्या मोहल्ल्यात घ्यायचं यावर नवरा-बायकोचं बोलणंही झालं. मनकर्णाबाई म्हणाल्या, "तिथं मोटारी जास्त. मले एकटीले पोळ्या निपटणार नाई. बाई ठेवा."

त्याच आठवड्यात तानबा ड्रायव्हरने कापसाच्या जिनाच्या वळणावर एक बैलगाडी उलटवली.

सकाळ सरत आली होती. ऊन तापलं होतं. गाडीत पवनारच्या कुंभाराकडून आणलेले कवेलू होते, छपरावर घालायचे. मोटार वळणावर पुढे काढायला गेली आणि तिचं अंग गाडीच्या चाकाला लागलं. चाक फुटलं, आख मोडला, कवेलू रस्त्यावर सांडले. बैल जू सोडवून बाजूच्या शेतात जाऊन उभे राहिले, त्यांना काही झालं नाही. गाडीवाला उडी मारून सुटला. त्याची आई मागून पायी येत होती, म्हणून तीही वाचली.

तानबा स्टँडवर आला आणि टोपी काढून उभा राहिला. रूपरावांनी कवेलू पडल्याचा आवाज ऐकलाच होता. त्यांनी छत्री घेतली. "घाबरतं काऊन बे? अशा गाड्या किती जेवू घातल्या आपण."

जागेवर पोचून ते रस्त्याच्या कडेला बसले. गाडीवाला तिशीतला होता. अंगभर लाल धूळ, कोपर खरचटलेलं. तो शिव्या देत नव्हता. त्याची आई कवेलूंच्या ढिगात बसून साबूत कवेलू एकीकडे आणि फुटके दुसरीकडे काढत होती.

'जेवले का' रूपरावांच्या ओठांवर आलं होतं. पण त्या दोघांकडे पाहून त्यांनी आधी नाव विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"कवडू," तो म्हणाला.

"कोणाचा?"

"रामाजीचा."

"हे कवेलू कायले?"

"विहाराले. पुनवेले बुद्धजयंती हाय. छत राह्यलं होतं."

रूपराव उठून उभे राहिले. गेल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरहून दीक्षा घेऊन आलेला बाजूच्या खेड्यातला मोहल्ला त्यांना माहीत होता. त्याआधीही माहीत होता, दुसऱ्या नावाने. धर्म बदलून कवडूचं जे काही झालं असेल ते असो, रूपरावांच्या ओसरीचं काही झालं नव्हतं. ती जिथल्या तिथे होती. तिच्या पाटावर कवडूच्या बापाला कधी कोणी बसवलं नव्हतं.

आता अडचण अशी होती की या माणसाला दिवसभर गुंतवून ठेवायचं, पण घरात घ्यायचं नाही. वर्ध्याचं स्टँड हातात घ्यायचं, पण ताट मांडायचं नाही. रूपरावांनी उभ्याउभ्याच यावर विचार केला आणि त्यांना तोड सापडली. तिचं त्यांना कौतुकही वाटलं.

"चल गड्या," ते म्हणाले, "चहा घे. मंग पाहू."

कवडू त्यांच्यामागे निघाला. आई म्हणाली, "जाय. मी इथं हावो."

आवाजाचा अर्थ मनकर्णाबाईंना घरात बसून कळला होता. त्यांनी आंबे पिळायला घेतले होते आणि रसात घालायच्या सरगुंड्यांचं आधण ठेवलं होतं. रूपराव एकटेच आत आले.

"किती पाट मांडू?"

"पाट नको. चहा कर."

"चहा? एवढा मोठा आवाज झाला अन् नुसता चहा?" मग त्यांनी दारातून अंगणात पाहिलं. गोठ्याच्या वळचणीखाली कवडू उभा होता. "कोण हाय?"

रूपरावांनी सांगितलं.

"मंग वळचणीतला कप काढू?"

"काढ."

मनकर्णाबाईंनी हात पुसले. "अन् हा ठाण्यात गेला तर? अण्णाजीले तुम्ही पोटभर चारलं तरी तो गेलता."

"हा नाई जात. ही माणसं ठाण्याले भेतात. इतका चहा त्याच्या बापाले कोणी पाजला होता?"

"बापाचं नाई विचारलं मी. आपल्याले वर्ध्याले जायचं हाय ना?"

"तू चहाचं आधण ठेव."

मनकर्णाबाईंनी आधण ठेवलं. त्यांनाही कवडूला ओसरीवर घ्यायचं नव्हतंच. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मग भरवसाही ठेवू नये. नवऱ्यापेक्षा त्यांचा हिशोब सरळ होता.

वळचणीच्या बांबूत एक कप खोचलेला असे. कान तुटलेला. मजुराला, मसणातून आलेल्याला, अशा कोणाकोणाला त्यातून चहा मिळे. पिणाऱ्याने तो धुऊन पुन्हा बांबूत खोचायचा, हेही ठरलेलं होतं. रूपरावांनी तो कवडूसमोर दगडावर ठेवला आणि वरून, हात न लागू देता, चहा ओतला. मग स्वतःची बशी दोन्ही हातांनी धरून ते ओसरीवर बसले. पाहुणचार चालू झाला असं त्यांना वाटलं.

"घे ना. साखर जास्त घातली."

कवडूने कपाकडे पाहिलं. बांबूकडे पाहिलं. ओसरीवरच्या लोडाकडे पाहिलं, कारण सेलूभोवतालच्या सगळ्या खेड्यांत त्या लोडाची गोष्ट पोचलेली होती. ज्याची कोंबडी मेली तोही त्या लोडाला टेकून आला होता.

"राहू द्या," तो म्हणाला.

"काऊन?"

"तहान लागली होती."

"मंग घे."

"पाण्याची."

रूपरावांनी पाण्याचा तांब्या मागवायला तोंड उघडलं आणि कोणता तांब्या मागवावा या विचारात ते मिटलं. तेवढ्या वेळात कवडू अंगणातून बाहेर पडला. तो रागाने गेला नाही. ऊन फार होतं, घसा सुकला होता, आणि सेलूत ज्या विहिरीवर त्याला कोणी 'कोण तू' विचारू शकत नव्हतं ती एकच होती, सरकारी. ती ठाण्याच्या अंगणात होती.

रूपराव बशीतला चहा संपवत बसले. त्यांनी कवडूला कुठे गेला म्हणून पाहिलंही नाही. वाटलं, गेला आईकडे. भित्री माणसं.

विहिरीवर जमादार आंघोळ करून धोतर पिळत होता. त्याने पाहिलं की एक माणूस दोर ओढतोय आणि त्याच्या कोपरातून रक्त येतंय, डोक्यात लाल धूळ आहे.

"कुठं पडला बे?"

"पडलो नाई. मोटारनं गाडी उलटवली, जिनाजवळ."

"केव्हा?"

"आताच."

जमादाराने धोतर खांद्यावर टाकलं. "मोटारनं? सेलूत? अन् तू जेवला नाई?"

"नाई."

"चहा?"

"नाई."

नोकरीची इतकी वर्षं झाली, पण मोटारीच्या धडकेचा ताजा, उपाशी तक्रारदार जमादाराने पाहिला नव्हता. "थांब. पाणी पी पोटभर. अन् मंग सांग, पहिल्यापासून."

कवडूला चोवीस तासांचा नियम ठाऊक नव्हता. पंचनाम्याचा तर नाहीच. तो ठाण्यात तक्रार करायला गेलाही नव्हता. त्याला विचारलं म्हणून त्याने सांगितलं, आणि सांगता सांगता कागद झाला.

जमादार शिपायाला घेऊन जिनाच्या वळणावर आला तेव्हा हमाल झाडू घेऊन उभे होते, पण झाडत नव्हते. कवडूची आई पंचफुला मधोमध बसली होती आणि ती उठायला तयार नव्हती. तिचं साबूत कवेलू वेगळे काढायचं काम संपलं नव्हतं. हमाल म्हणत होते, "म्हातारे, बाजूले हो, रस्ता मोकळा करायचा हाय."

"कोणाचा रस्ता?"

"मोटारचा."

"मंग मोटारले सांगा, तिनंच येऊन उचलावं."

जमादार म्हणाला, "मावशी, आता काई हलवू नका."

"मी कायले हलवू? मी बसलीच हावो."

रूपरावांना कळलं तेव्हा ते छत्री विसरून निघाले. त्यांना धावताना सेलूने तेव्हाच पाहिलं. जमादार चाकाचं माप घेत होता. रूपराव धापा टाकत त्याच्याजवळ जाऊन बसले. पण जमादार बसला नाही, तो उभ्यानेच सांगत होता आणि शिपाई लिहीत होता.

"जमादार साहेब, एवढं काय हो त्यात. घरी रस काढला हाय. सरगुंडे हायेत. चला, बसून बोलू."

"रस ज्याची गाडी मोडली त्याले द्यायचा होता, रूपरावजी. माही काई मोडली नाई."

हमाल हसले. तानबाही हसला, मग त्याने तोंडावर हात घेतला. रूपरावांनी तिथे जमलेल्या लोकांकडे पाहिलं. त्यातले अर्धे त्यांच्या घरी जेवलेले होते. त्यातला एकही मधे पडला नाही. खाल्ल्या मिठाला जागून ते गप्प बसायला शिकले होते, आणि आताही गप्पच बसले.

साहेब ठरल्या दिवसाच्या आधीच आले. त्यांनी चौकटीकडे पाहिलं, तिच्यावरच्या कुंकवाकडे पाहिलं, आणि विचारलं की कळवायचं होतं ते ड्रायव्हरने का कळवलं नाही. रूपराव म्हणाले, "साहेब, समेट होणारच होता." साहेब रागावले नाहीत. त्यांनी एक मोकळीक दिली. कंपनी नवे कवेलू देईल, गाडीचं चाक आणि आख करून देईल. रूपरावांनी स्वतः माल पोचवावा आणि मालकाकडून 'भरपाई मिळाली, तक्रार उरली नाही' असं लिहून, त्यावर सही घेऊन यावं. पुनवेच्या आत. तो कागद ठाण्यात गेला की प्रकरण मिटलं. वर्ध्याचा हुकूम साहेबांच्या खिशातच होता. तो तेव्हा मिळेल.

एवढं सोपं काम रूपरावांना कोणी सांगितलं नव्हतं. पवनारहून कवेलू आणवले. नवं चाक केलं. कागद त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला, वळणदार. पुनवेच्या आदल्या दिवशी कवेलूची गाडी पुढे घालून ते छत्री उघडून मागे चालले. मनकर्णाबाईंनी जाताना एवढंच सांगितलं, "सही घेतल्याबिगर येऊ नका. मी वर्ध्याचं सामान बांधून राह्यली."

मोहल्ल्यात विहाराच्या भिंती चुन्याने पांढऱ्या केलेल्या होत्या. छपराचे वासे उघडे होते. गाडी दिसताच बायामाणसं धावली आणि हातोहात कवेलू उतरवू लागली. कवडू पुढे आला. त्याने नव्या चाकावर हात फिरवला. "चांगलं केलं. सुताराचा हात चांगला हाय."

रूपरावांनी कागद काढला. "घे, इथं सही कर. तुले लिहिता येते ना?"

"येते. चौथी झालो हावो." कवडूने कागद घेतला नाही. "पण कवेलू माह्या एकट्याचे नाईत. सगळ्याइनं वर्गणी केलती. पंच मंडळी आत बसली हायेत. त्याइच्यासमोर वाचा, त्याइनं हो म्हटलं की करतो सही. लई वेळ नाई लागत."

"इथंच वाचतो ना. ही काय, गाडी हाय. चाकावर कागद ठेव."

"बाहेर वाचून म्हाताऱ्याइले ऐकू येत नाई. आत या."

विहाराच्या दारातून आतली सतरंजी दिसत होती. तिच्यावर म्हातारे बसले होते. मधली जागा त्यांनी रिकामी ठेवली होती, रूपरावांसाठी. शेजारी पंचफुला पाण्याचा तांब्या आणि पेला घेऊन उभी होती. पेला नवा दिसत होता, त्यावर दुकानाचा कागद अजून चिकटलेला होता.

"या न् जी," ती म्हणाली. "उन्हातून आले. टेका थोडं."

रूपराव उंबऱ्यापाशी उभे राहिले. एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या दारात असं थांबायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. त्यांना फक्त आत जायचं होतं, खाली बसायचं होतं आणि चार ओळी वाचायच्या होत्या. हे तिन्ही त्यांना सेलूत सगळ्यांपेक्षा चांगलं येत असे. त्यांनी जोड्याकडे पाहिलं. एक जोडा अर्धा काढला. आतले म्हातारे थोडे सरकले, आणखी जागा झाली.

जोडा त्यांनी पुन्हा पायात घातला.

"माह्या मोटारची वेळ झाली," ते म्हणाले.

कवडू म्हणाला, "सेलूले जाणारी मोटार संध्याकाळी येते, रूपरावजी. ते तुमच्याहून जास्त कोणाले माहीत?"

बाया हसल्या. रूपरावांनी कागदाची घडी केली, खिशात घातली. "उद्या येतो. सवडीनं वाचू."

"उद्या बुद्धजयंती हाय. या. जेवालेच या," पंचफुला म्हणाली.

ते निघाले तेव्हा गाडी अर्धीच रिकामी झाली होती. छत्री त्यांनी उघडली नव्हती. सेलूपर्यंत ते पायीच आले. घरी सामानाची गाठोडी ओसरीवर रचून ठेवलेली होती. मनकर्णाबाईंनी हात पुढे केला. रूपरावांनी कागद दिला. बाईंनी खालची सहीची जागा पाहिली आणि गाठोडी एकेक करून आत न्यायला सुरुवात केली.

वर्ध्याच्या स्टँडवर दुसरा माणूस गेला. नागपूरहून नंतरही स्मरणपत्रं येत राहिली, आणि रूपराव प्रत्येकाला उत्तर लिहीत की मंडळी कामात आहेत, भेट झाली की सही घेतो. विहाराचं छप्पर झालं, दोन पावसाळे त्यावरून गेले. ठाण्यात प्रकरण उघडंच आहे. चार ओळी वाचायच्या राहिल्या आहेत.